आधी गल

सकाळचे साडेआठ. मोहाखालच्या पाठी आता सरळ होताहेत. उजाडल्यापासून वाकून वेचलेल्या फुलांनी टोपल्या भरल्या आहेत, तरी झाड थांबलेलं नाही. मधूनच एखादं फूल टपकन पडतं आणि घराकडे निघालेली एखादी बाई सवयीनं वाकून ते उचलतेच. सगळ्या शिवारावर तो गोड, जड वास आहे. पोरांची बोटं चिकट झाली आहेत. ती बोटं चाटतात, चड्डीला पुसतात आणि पुन्हा पुन्हा पूर्वेकडच्या धुऱ्याकडे बघतात.

धुऱ्यावरून मामा येताना दिसतात. खांद्यावर काठ्यांचा भारा. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, चुलीसाठी तुराट्या घेऊन चालले आहेत.

"आले गा, मामा आले!"

टोपल्या आयांच्या पायाशी ठेवून पंधरा-सोळा पोरं धानाच्या रिकाम्या बांध्या तुडवत पळत सुटतात. त्या भाऱ्यात गोल्फच्या काठ्या आहेत.

हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड आणि ब्रह्मपुरी यांच्या मधल्या पट्ट्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मग पोरांचीही ओळख पटेल आणि ती लहान आहेत. इथून पूर्वेला गेलं की वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला तो वेगळा जिल्हा झाला, पण सोयरिकी अजून दोन्ही काठांवर पसरलेल्या आहेत. मामा पलीकडचे, आरमोरीच्या बाजूचे. हे त्यांच्या बहिणीचं गाव, म्हणून ते सगळ्या गावाच्या पोरांचे मामा. पुण्याला बांधकामावर मजुरीसाठी गेले आणि एका गोल्फ क्लबात कॅडी झाले. अकरा वर्षं लोकांच्या थैल्या खांद्यावर वाहिल्या. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा कॅडींना खेळायला मिळे. त्या सोमवारांवर ते खेळ शिकले. आई अंथरुणाला खिळली तसे परत आले आणि येताना एकच लोखंडी काठी घेऊन आले, सात नंबरची, एका म्हाताऱ्या सभासदानं दिलेली.

मी ब्रह्मपुरीला चुलतबहिणीकडे आले आहे. तिच्या नणंदेचं हे माहेर. 'आमच्याकडे पोरं गोल्फ खेळतात' असं तिनं सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. आज खळ्याच्या कडेला तणसाच्या ढिगाला टेकून मी बसले आहे.

सुरुवात करण्याआधी मामा एक काम करतात. हात डोळ्यांवर धरून जंगलाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतात. हा वाघाचा भाग आहे. ताडोब्याच्या बाहेरच्या या ब्रह्मपुरीच्या जंगलातही वाघ आहेत, आणि मोहाच्या दिवसांत, माणसं झाडाखाली वाकून बसलेली असताना, माणसं गेलेली आहेत. त्यामुळे खेळाचा नियम गोल्फच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला: ऊन झाडांच्या शेंड्यांवर आल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि सावल्या लांब व्हायच्या आत घरी. दोन बापे काठ्या घेऊन धुऱ्यावर बसतात, तोंड जंगलाकडे आणि पाठ खेळाकडे. त्यातल्या एकाचा मुलगा आज पहिल्यांदा मोठ्या पोरांत खेळणार आहे. बाप एकदाही वळून बघत नाही.

भारा सुटतो. मी एक काठी हातात घेते आणि लगेच खाली ठेवावीशी वाटत नाही.

दांडा मानवेलाचा आहे, त्या भरीव, लवचीक बांबूचा. आणि बांबू जमिनीतून निघतो तिथला गड्डा तसाच ठेवलेला. गड्डा मुळातच वाकडा असतो, घट्ट गाठीचा. मामांनी त्याची एक बाजू कोयत्यानं सपाट करून कानशीनं घासली आहे. झाली पट मारायची, म्हणजे चेंडू गलीकडे हलकेच घरंगळत न्यायची काठी. मुठीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली. प्रत्येक काठीवर चुन्यानं रेघा आहेत: एक रेघ पाच-सहा वर्षांच्या पोराची, दोन रेघा आठ-नऊची, तीन रेघा त्यापुढची. पोर उभं राहिलं की काठी त्याच्या कंबरेशी यावी, हे माप.

"लोखंडी कापून नाही का चालत?" मी विचारते.

"कापून पायली ताई," मामा म्हणतात. "दांडा आखूड होते, पन डोक्स तेवढंच वजनी रायते. पोराचं मनगट वाकते. मंग ते अंगानं मारते, हातानं नाई."

पुण्यात पैसे घेऊन गोल्फ शिकवणाऱ्यांकडे मी हेच ऐकलं आहे. मोठ्यांची काठी कापून मुलांना देऊ नये: दांडा कडक राहतो, डोकं जड राहतं, आणि मुलाच्या अंगात चुकीची सवय बसते. मामांनी ते एका पोराच्या मनगटावरून ओळखलं.

हा बांबू नदीपलीकडच्या एका ग्रामसभेकडून, पावती करून आणलेला आहे. पावती मामा आठवणीनं दाखवतात. यामागे मोठा इतिहास आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्याआधी आपल्याच जंगलातला बांबू डोक्यावर घेऊन निघालेला माणूस गुन्हेगार ठरत असे. मामांचे वडील अशा भाऱ्यांसाठी अंधारात वाट बदलून चालत. मामा दिवसाढवळ्या धुऱ्यावरून येतात.

भाऱ्यात तीन काठ्या वेगळ्या आहेत. त्यांना गड्डा नाही. दांड्याच्या टोकाला मुठीएवढा लाकडाचा ठोकळा बसवला आहे, गर्द, जवळजवळ काळा, हाताला थंड लागणारा. मी विचारते, कुठलं लाकूड?

"तेंदू. धुऱ्यावरचं जुनं झाड पडलं होतं वादळात."

मी तो ठोकळा बराच वेळ हातात फिरवत राहते. गोल्फमध्ये सर्वांत लांब मारायच्या काठीचं डोकं कित्येक पिढ्या लाकडाचं असे. धातूची डोकी आली आणि १९८० नंतरच्या दशकांत लाकूड मागे पडलं. ते लाकूड अमेरिकेतल्या पर्सिमनचं. आणि पर्सिमन म्हणजे तेंदूचा सख्खा भाऊ, दोन्ही एकाच वंशातली झाडं, शास्त्रीय नावात दोघांचंही पहिलं नाव डायोस्पायरॉस. ज्या झाडाच्या पानांवर या दोन जिल्ह्यांतल्या घरांचा उन्हाळा निघतो, ज्याची टेंभरं ही पोरं एप्रिल-मेमध्ये खातात, त्याच कुळातल्या लाकडानं जगातले मोठमोठे खेळाडू शंभर वर्षं चेंडू मारत होते. मामांना हे मी सांगते. ते ठोकळ्याकडे बघतात, मग मान हलवून म्हणतात, "वजनी होतं, चिरत नव्हतं, म्हनून घेतलं."

खळं नुकतंच सारवलं आहे. मळणी कधीच संपली. आता हे खळं फक्त या खेळासाठी सारवलं जातं आणि ते काम पोरंच करतात. शेणाचा हात फिरलेली, उन्हानं कडक झालेली गुळगुळीत जमीन. मधोमध एक गल. गलीत नळयोजनेच्या कामातून उरलेल्या चार इंची पाईपचा वीतभर तुकडा बसवलेला. गोल्फची गल १०८ मिलिमीटरची असते, १८९१ मध्ये स्कॉटलंडमध्ये ते माप ठरलं. मसलबर्ग नावाच्या गावात गल पाडायचं जे जुनं अवजार होतं, त्याच्यावरून ते घेतलं, आणि ते अवजारही पाईपच्याच तुकड्याचं होतं, असं सांगतात. इथला पाईप त्याहून किंचित अरुंद आहे. गवत नसलेल्या भागात हिरवळीऐवजी वाळू दाबून केलेल्या तपकिरी जागेवर पट मारण्याची रीत आपल्या देशातही जुनी आहे, तिला ब्राऊन म्हणतात. तेव्हा हे खळं काही जगावेगळं नाही.

लहान सहा पोरं गलीभोवती गोल करून उकिडवी बसतात. सगळ्यांच्या मध्ये मामाही उकिडवे.

"कंचे खेळता नं?"

"हो!"

"मंग आधी काय पायता? कंचा का गल?"

"गल!"

"मंग इथंबी गलच पाहा. एक पाऊल मागं व्हा. एका पावलावरून दहा येळा गेला, का मंग दोन पाऊल."

एक जाडसर पोरगा उठून उभा राहतो. "मामा, मले लांब मारू द्या नं."

"लांब तं कोनीबी मारते बाप्पा. गलीत कोन घालते ते सांग."

पोरगा क्षणभर विचार करतो आणि एक पाऊल मागे सरकतो.

माझ्या छातीत काहीतरी हलतं. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला पुण्यात एका ठिकाणी गोल्फ शिकायला घातलं होतं. हिरवागार गालिचा, रंगीत खुणा, डोक्यावर नवी टोपी. पहिल्याच दिवशी त्याच्या हातात सगळ्यांत लांब काठी दिली आणि समोरच्या दीडशे मीटरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी काचेमागे बसून मोजत होते. चाळीस चेंडूंपैकी एकतीस त्याला लागलेच नाहीत. जे लागले ते चार हातांवर जाऊन थांबले. शेजारची मुलं हसली नाहीत, कुणी ओरडलं नाही, पण परत येताना गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि घरी आल्यावर त्यानं टोपी कपाटामागे टाकली. पुन्हा कधी गेला नाही. मी त्याला चिकाटी नाही असं समजले. कित्येक वर्षं तसंच समजत राहिले.

हार्वी पेनिक हे टेक्सासमधले शिक्षक. सगळा जन्म त्यांनी गोल्फ शिकवला आणि १९९२ मध्ये त्यांची वही पुस्तकरूपानं आली. त्यांचंही हेच सांगणं होतं की मुलाला गलीपासून मागे मागे न्यावं. पहिल्या तासाला मुलाच्या कानावर चेंडू आत पडल्याचा आवाज यायला हवा. मामांनी पेनिकांचं नावही ऐकलेलं नाही. त्यांना कंचे माहीत आहेत.

टक्.

पहिला चेंडू पाईपात पडतो. आवाज पोकळ, खोल, पाण्यात खडा टाकल्यासारखा. सहाही तोंडं एकदम वर होतात.

खळ्यावर खरे चेंडू आहेत, गोल्फचे, खळ्या-खळ्यांचे पांढरे. एकूण नऊ. कॅडीच्या दिवसांत झाडीत सापडलेले मामांनी जपून आणले. बांध्यांत मारायला मात्र चिंध्यांचे चेंडू, वरून सुतळीनं घट्ट विणलेले, कारण शेहेचाळीस ग्रॅमचा खरा चेंडू कुणाच्या कपाळावर बसला तर दवाखाना लांब आहे. ते चेंडू पोरांच्या आज्या विणून देतात.

आता पकड. हा भाग मी आयुष्यभर विसरणार नाही.

मामा शेजारच्या टोपलीतून मोहाचं एक ताजं फूल घेतात. मोत्यासारखं फिकट, रसानं टचटचीत. लहानग्या पोराच्या उजव्या तळव्यावर ते ठेवतात आणि त्यावरून काठीची मूठ. "धर. पन फूल मेलं नाई पायजे."

पोरगा इतक्या जपून धरतो की काठी घसरून पडते. पुन्हा. या वेळी जीव खाऊन आवळतो. मूठ उघडतात तेव्हा फुलाचा चोथा, आणि मनगटावर रस उतरलेला. मामा काही बोलत नाहीत, दुसरं फूल ठेवतात. तिसरं. चौथ्यांदा पोरगा डोळे मिटून घेतो. काठी मागे जाते, चार बोटं, पुढे येते, चार बोटं, चेंडूला लागते. चेंडू गलीच्या कडेला थांबतो. कुणालाच त्याचं काही नाही. सगळे त्याच्या मुठीकडे बघताहेत. मूठ उघडते. फूल आहे. एका बाजूनं थोडं चेपलेलं, पण आहे. पोरगा ते तोंडात टाकतो.

रांगेतली शेवटची मुलगी सात वर्षांची असावी. लाल फ्रॉक, त्यावर भावाचं स्वेटर, केस तेलानं चापून बसवलेले. तिचा पट काही केल्या सरळ जात नाही. दर वेळी काठी तिरपी येते आणि चेंडू माझ्या पायाशी. ती चेंडू न्यायला येते, माझ्याकडे बघत नाही. पाचव्यांदा येते तेव्हा तिचा खालचा ओठ आत ओढलेला आहे. मला तो ओठ माहीत आहे.

मामा तिच्यासमोर बसतात.

"जेवते कोन्या हातानं?"

ती उजवा हात वर करते.

"आन् चिंचेले गोटा मारते तं कोन्या हातानं?"

डावा हात हळूच वर येतो. आजूबाजूची पोरं हसतात. मामा मान वर करून नुसतं बघतात आणि हसणं थांबतं.

"मंग हे काठी तुयी नाई, बाई. तुयी काठी मी आनलीच नाई आज."

ते भाऱ्यातून एक कोरा गड्डा काढतात, अजून न घासलेला. मांडीवर आडवा धरून उलट्या बाजूनं कोयता चालवू लागतात. पातळ ढलप्या उडतात. मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी आहे, एकेक ढलपी उचलून ओंजळीत ठेवते आहे. दहा मिनिटं सगळा वर्ग थांबलेला आहे आणि कुणालाही घाई नाही. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची काठी देऊन 'होईल सवय' म्हणणारे मोठ्या गावांत पुष्कळ भेटतात. डाव्या हाताच्या लहान काठ्या दुकानात सहज मिळत नाहीत, हेही खरं. बांबूच्या गड्ड्याला डावं-उजवं नसतं. ज्या बाजूनं घासाल ती त्याची बाजू.

काठी तयार होते. रबर गुंडाळायला वेळ नाही, मामा आपल्या दुपट्ट्याची किनार फाडून मुठीला बांधतात. मुलगी एक पाऊल मागे उभी राहते. डावा खांदा मागे. फूल ठेवायची आठवण तीच करून देते.

टक्.

ती उड्या मारत नाही. वाकून पाईपात हात घालते, चेंडू काढते आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते.

साडेनऊच्या सुमाराला मोठी पोरं बांध्यांत उतरतात. नऊ बांध्या, नऊ गली. प्रत्येक गलीत एक तुराटी, तिला लाल चिंधी. ज्यांची शेतं आहेत त्यांनी धान निघाल्यावर परवानगी दिली आहे, ज्या बांधीत उतेऱ्याची लाखोळी होती ती वगळून. धानाची बांधी सपाट असते, पण एका बांधीतून दुसरीत उतार असतो आणि मध्ये गुडघाभर धुरा. चेंडू धुऱ्यावरून उचलून पलीकडे हलकेच ठेवावा लागतो. जमीन चिकणमातीची, मार्चच्या उन्हानं भेगाळलेली. भेगेत चेंडू गेला की तिथूनच मारायचा, हा नियम. सहाव्या गलीच्या उजवीकडे बोडी आहे, कडेला हिरवं शेवाळ आणि दोन बगळे. चिंध्यांचा चेंडू बोडीत पडला की आधी तरंगतो आणि मग पाणी पिऊन सावकाश बुडतो, तेवढ्या वेळात पोरं चड्ड्या वर करून आत शिरतात.

मोठ्यांना लांब मारायची मुभा आहे, पण काखेत पळसाचं वाळलेलं पान धरून. झाडांवर आता पानं नाहीत, नुसती केशरी फुलं. खाली मात्र पानांचा सडा आहे. मारताना पान पडलं तर हात अंगापासून सुटला. पानाचा चुरा झाला तर हात फार आवळला. पान शाबूत राहिलं तर फटका बरोबर. धुऱ्यावर बसलेल्या बापाचा मुलगा पहिल्या गलीवर उभा राहतो. तेंदूची काठी मागे जाते, कंबर वळते, ठोकळा चेंडूला लागतो आणि आवाज होतो तो लाकडाचा, भरीव, जुना. चेंडू दोन बांध्या ओलांडून जातो. बाप अजूनही जंगलाकडेच बघतो आहे, पण आवाजाबरोबर त्याचा हात काठीवरून निघून गुडघ्यावर आला, ते मी पाहिलं. पोरगा काखेतून पान काढतो. अख्खं.

मी मामांबरोबर चालते आहे. गोल्फ म्हटलं की शंभर-सव्वाशे एकर जमीन, पाण्याचे फवारे आणि फाटकावरचा पहारेकरी आठवतो. ते खोटं नाही. पण त्याच खेळात स्पेनच्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बाल्येस्तेरोस आहे, भावानं दिलेली तीन नंबरची एकच काठी घेऊन समुद्राच्या वाळूत शिकलेला. हरियाणातल्या इसराना गावचा, दूधवाल्याचा मुलगा शुभम जगलान आहे. गावात आलेली गोल्फ शाळा बंद पडली तेव्हा तो शेतातच मारत राहिला आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात ज्युनिअर वर्ल्ड जिंकून आला. मुंबईत चेंबूरच्या मैदानाशेजारच्या वस्तीतले कॅडी लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि गल्लीबोळात प्लास्टिकच्या चेंडूनं खेळतात. मामांना चेंबूरचं माहीत आहे. "आमच्यातले दोघं तिकून आले होते," ते म्हणतात. "त्यायचा पट लय भारी. गल्ली अरुंद असते नं, चेंडू सरळच न्या लागते."

चौथ्या गलीजवळ चार मुली बसून पाणी पिताहेत. मी त्यांना अदिती अशोकचं सांगते. बंगळूरची मुलगी, रिओच्या ऑलिम्पिकला २०१६ मध्ये गेली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिची थैली तिच्या वडिलांनी उचलली. टोकियोला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, थैली आईनं उचलली. चौथी आली. पदक एका फटक्यानं गेलं.

"आईनं?" एक विचारते.

"आईनं."

"चार दिवस?"

"चारही दिवस. उन्हात."

ती पोरगी मोहाखाली टोपली उचलणाऱ्या आपल्या आईकडे बघते. टोपली त्या थैलीपेक्षा हलकी नसावी.

हिशोब चिंचोक्यांनी होतो. प्रत्येकाच्या उजव्या खिशात चिंचोके, एक फटका मारला की एक चिंचोका डाव्या खिशात. ज्यांच्या फ्रॉकला खिसा नाही त्यांनी ओढणीच्या दोन टोकांना दोन गाठी मारल्या आहेत. पंच नाही. मी विचारते, कुणी चिंचोका सरकवायला विसरलं तर?

"त्याचं त्यानं पाहाव," मामा म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

सातव्या गलीवर, धसकटांत, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी चेंडूमागे काठी टेकवते आहे. बाकीची पोरं पुढच्या धुऱ्यावर भांडताहेत, मामा बोडीकडे बघताहेत. काठीचं टोक धसकटाला लागतं, धसकट चेंडूला लागतं, चेंडू बोटभर हलतो. मी तीन हातांवर आहे म्हणून मला दिसतं. ती थांबते. इकडेतिकडे बघत नाही. ओढणीची गाठ सोडते, एक चिंचोका काढते, दुसऱ्या गाठीत घालते, दोन्ही गाठी मारते. चेंडू उचलून जिथं होता तिथं ठेवते. मग मारते. फटका चांगला बसत नाही. १९२५ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या खेळाडूनं असाच, कुणी न पाहिलेला, स्वतःचा चेंडू हलला म्हणून एक फटका वाढवून घेतला आणि शेवटी ती स्पर्धा त्याच्या हातून गेली. लोक कौतुक करू लागले तेव्हा त्याला त्याचं नवल वाटलं. या मुलीचं कौतुक करायचं माझ्या ओठांवर येतं. मी ते गिळते.

साडेदहा वाजता ऊन टोचायला लागतं. मोह अंगणात पसरायला पोरांना हाका येऊ लागल्या आहेत. धुऱ्यावरचे दोघे उठून, अजूनही जंगलाकडे तोंड करून, मागे मागे सरकत येतात. काठ्या मोजून भाऱ्यात जातात. मामा सांगतात, एप्रिलच्या शेवटी तेंदूपत्ता सुरू झाला की खेळ बंद, तेव्हा सगळीच माणसं जंगलात. मृगाच्या आधी पाईप उपटून गोठ्यात ठेवायचा. मग पऱ्हे, मग रोवणी, आणि नऊच्या नऊ बांध्या गुडघाभर पाण्यात. दिवाळीनंतर धान निघालं की पुन्हा खळं सारवायचं. "तवरिक पोरं इतभर वाढते," ते म्हणतात. "काठ्या नव्या लागते."

खळं रिकामं झालं आहे. फक्त लाल फ्रॉकवाली अजून तिथंच आहे. आता ती गलीपासून तीन पावलांवर आहे. तीनपैकी दोन आत जातात. मी उठून जवळ जाते तशी ती काठी माझ्यापुढे धरते, मुठीकडून.

"तुमी मारा, आजी."

मी उजव्या हाताची. काठी उलटी धरून, गड्ड्याच्या न घासलेल्या बाजूनं मारते. चेंडू गलीला वळसा घालून पुढे जातो. मी पुन्हा मारते. गलीच्या कडेला येऊन थांबतो. बोटानं ढकलावा इतका जवळ. मी हसून वाकते, चेंडू उचलून तिच्या हातात द्यायला.

ती चेंडू घेत नाही. स्वेटरच्या खिशात हात घालून काहीतरी शोधते आणि माझा तळहात उघडून त्यावर दोन चिंचोके ठेवते. मग चेंडूकडे बोट दाखवते.

"अजून गेला नाई," ती म्हणते.